निर्णय माझा की रूममेटचा?

आदरणीय ताई,

सप्रेम नमस्कार. मी २७ वर्षांचा आहे. गाव भूम तालुक्यात. सिव्हिल इंजिनिअरिंग झाल्यावर पाच वर्षांपासून पुण्यात राज्यसेवेचा अभ्यास करतोय. नवी पेठेत कॉट बेसिसवर राहतो, अभ्यासिका सदाशिव पेठेत आहे. पूर्व दोनदा निघाली. दोन वर्षांपूर्वी मुख्यला ११ मार्कांनी राहिलो.

गेल्या महिन्यात कॉलेजच्या एका मित्राने विचारलं. चाकणजवळ त्याची काँक्रीट आणि माती तपासायची लॅब आहे, भागीदार म्हणून ये म्हणाला. मला जावंसं वाटतंय. पण हे वाटणं तरी माझं आहे का? दहावीनंतर सायन्स मामांनी ठरवलं. सिव्हिल शेजारच्या सरांनी सुचवलं. एमपीएससी रूममेटमुळे सुरू झाली, तो स्वतःचा फॉर्म भरत होता, त्याने माझाही भरला. आता सोडावंसं वाटतंय तेही 'स्पर्धा परीक्षेच्या चक्रातून बाहेर पडा' असले व्हिडिओ पंधरा दिवस बघितल्यावर. सोबत अभ्यास करणारी मैत्रीण घरच्यांच्या दबावामुळे जूनमध्ये गावी परत गेली, तेव्हापासून अभ्यासिकेत मन लागत नाही. आत्ताचा रूममेट म्हणतो, शास्त्रज्ञांनी सिद्ध केलंय, आपल्याला कळायच्या आधीच मेंदू निर्णय घेऊन मोकळा झालेला असतो. आजोबा म्हणतात, प्रारब्धात असेल ते होईल. बाबा काहीच म्हणत नाहीत, दर महिन्याच्या पाच तारखेला पैसे पाठवतात.

परवा रात्री झेड ब्रिजवर उभं राहून नाणं उडवलं. तीनदा. ताई, माझा एक तरी निर्णय माझा असतो का? आणि नसेल तर मी डोकं कशाला शिणवू?

— नवी पेठेतला एक

प्रिय नवी पेठकर,

तुझ्या वयाचा माझा भाचा आहे, म्हणून अरेतुरे करते. चालत नसेल तर पुढच्या पत्रात कळव.

दुसऱ्यांचं ऐकून ऐकून कान किटले, म्हणून तू पत्र लिहिलंस ते एका अनोळखी बाईला. मी आधी हसले. मग पत्र पुन्हा वाचलं आणि हसू गेलं, कारण शेवटचा प्रश्न तू गंमत म्हणून विचारलेला नाहीस. थकून विचारलायस.

आधी नाण्याचं. नाणं हवेत असताना आपल्याला खरं काय हवंय ते कळतं, असं तुला बरेच जण सांगतील. मला ते पटत नाही. त्या क्षणाला कळतं ते एवढंच, की आत्ता आपल्याला कशाची जास्त भीती वाटतेय. रात्रीच्या वेळी झेड ब्रिजवर, जिथे डावी-उजवीकडे सगळे जोडीने उभे असतात, तिथे एकट्या माणसाला पुणं सोडून कुठेही जावंसं वाटेल. तो कौल धरू नकोस.

आता तुझ्या रूममेटचे शास्त्रज्ञ. तो बोलतोय तो प्रयोग बेंजामिन लिबेट यांचा, १९८३ साली प्रसिद्ध झालेला. माणसांच्या डोक्याला तारा लावल्या, समोर वेगाने फिरणाऱ्या ठिपक्याचं घड्याळ ठेवलं आणि सांगितलं, मनात येईल तेव्हा मनगट हलवा. हलवावंसं वाटलं तेव्हा ठिपका कुठे होता तेवढं लक्षात ठेवा. मनगट हलण्याच्या साधारण अर्धा सेकंद आधीच मेंदूतली विद्युत हालचाल सुरू झालेली दिसली. 'आता हलवू' ही जाणीव मात्र साधारण एक-पंचमांश सेकंद आधीची निघाली. मेंदू आधी, आपण मागाहून. यावर चाळीस वर्षांहून जास्त काळ वाद चालू आहे. खुद्द लिबेट म्हणत की मधल्या त्या निमिषात माणूस 'नको' म्हणू शकतो. २०१२ मध्ये आरोन शुर्गर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी वेगळाच अर्थ मांडला: मेंदूत सतत बारीक चढउतार चालू असतात, त्यांची सरासरी काढली तरी तसाच आलेख दिसू शकतो, तो घेऊन टाकलेला निर्णयच असेल असं नाही.

हा वाद मिटेल तेव्हा मिटेल. मला त्यातली वेगळीच गोष्ट महत्त्वाची वाटते. मनगट आत्ता हलवायचं की दोन सेकंदांनी, याला कारणच नसतं. कारण नसलेली गोष्ट निवडायला सांगितली होती, म्हणून तर तो प्रयोग जमला. तुझ्या प्रश्नात भाडं आहे, वय आहे, ११ मार्क आहेत, बाबांची पाच तारीख आहे. महिनाभर तू हे घोळवतोयस. रूममेटला सांग, मनगटाचं ठीक आहे रे, पण परीक्षेचा फॉर्म भरताना तुझा मेंदू अर्ध्या सेकंदात शुल्क भरून मोकळा होतो का?

आजोबांना इतक्या सहज उडवून लावणार नाही. प्रारब्ध म्हणणाऱ्या माणसाने आयुष्यात तीन-चार दुष्काळ पाहिलेले असतात, त्याला ते बोलायचा हक्क आहे. पण गीतेच्या अठराव्या अध्यायात कृष्ण अर्जुनाला आधी बजावतो, मी लढणार नाही असं तू कितीही म्हण, तुझा स्वभावच तुला लढायला लावेल. आणि पुढे चारच श्लोकांनी म्हणतो, मी सांगितलं त्याचा पूर्ण विचार कर आणि मग तुला हवं तसं कर. दोन्ही वाक्यं एकाच तोंडची. शाळेत पाठांतर स्पर्धेसाठी हा अध्याय घोकताना मला त्यात काही खटकलं नव्हतं, लक्ष बक्षिसाच्या स्टीलच्या डब्यावर होतं. आता वाटतं, दोन्ही खरंच आहे. स्वभाव आपण निवडत नाही. तरी 'विचार कर' म्हणावं लागतं, कारण विचार केल्याने पुढचं बदलतं. आजोबांना एकदा विचार, विहीर खोदताना पाणाड्या कशाला बोलावला होता?

आता मूळ दुखणं.

तुझ्या पत्रातली यादी बघ: मामा, सर, रूममेट, व्हिडिओ. तू प्रत्येक निर्णयाचा उगम शोधत मागे जातोस आणि तिथे दुसरं कुणी दिसलं की सातबाऱ्यावरून नाव कमी करावं तसा स्वतःला वगळतोस. या हिशेबाने कुणाच्याच नावावर गुंठाभरही उरणार नाही. मराठी बोलायचं तू कुठे ठरवलं होतंस? तिखट खायचं, गणपतीला गावी जायचं, ११ मार्कांनी राहिल्यावर कुणाला सांगायचं नाही, हे सगळं कुठून तरी आलेलंच आहे. शेतकऱ्याच्या घरातला आहेस म्हणून तुझ्याच भाषेत सांगते. जमीन कुणाकडून आली हा एक प्रश्न आणि ती कसतो कोण हा दुसरा. 'कसेल त्याची जमीन' ही घोषणा तुझ्या आजोबांना आठवत असेल. निर्णयांच्या बाबतीत मी त्याच बाजूची आहे.

याच पुण्यातलं एक घर घे. १८७३ मध्ये महादेव गोविंद रानडे यांची पहिली पत्नी वारली. रानडे तेव्हा ३१ वर्षांचे, न्यायखात्यात मोठ्या जागेवर, विधवाविवाहाचे उघड पुरस्कर्ते. आता हे स्वतःच विधवेशी लग्न करतील अशी सुधारकांना आशा, वडिलांना तीच धास्ती. वडिलांनी घाईघाईने ११ वर्षांची मुलगी ठरवली. रानड्यांनी विरोध केला आणि शेवटी वडिलांपुढे मान तुकवली. टीका झाली, आणि ती रास्त होती असं माझं मत आहे. दबाव होता, जबरदस्त होता, पण नाही म्हटलं असतं तर ते काही रस्त्यावर येणार नव्हते. तो 'हो' त्यांच्याच नावावर राहतो, त्यांना कितीही नकोसा असला तरी.

आणि त्या मुलीचं काय? तिला तर कुणी विचारलंही नाही. रमाबाईंना अक्षरओळख नव्हती. नवऱ्याने शिकवायला घेतलं, ते त्याच्या इच्छेने. घरातल्या बायकांना हे अजिबात खपलं नाही. टोमणे झाले, अबोले झाले. म्हणजे एकीकडून नवरा ओढतोय, दुसरीकडून घरातल्या बायका. या ओढाताणीत अकरा-बारा वर्षांच्या मुलीची 'स्वतःची इच्छा' चिमट्याने तरी सापडेल का? पण १९०१ मध्ये रानडे वारले. आता कुणाचा आग्रह नाही, कुणाचा धाक नाही. आणि १९०९ मध्ये पुण्यात बायकांच्या शिक्षणासाठी सेवासदन उभं राहिलं ते या रमाबाईंच्या हातून, वयाच्या ४७ व्या वर्षी. त्या कामाचा उगम शोधत मागे गेलास तर नवऱ्याची पाटी-पेन्सिल सापडेल. म्हणून ते काम नवऱ्याचं? मी नाही म्हणणार. पस्तीस वर्षं कसलं तिने. (यावरून बालविवाहात काही चांगलं होतं असा अर्थ कुणी काढून मला पत्र लिहू नये. गेल्या वेळी अशी दोन आली होती.)

तर तुझा फॉर्म रूममेटने भरला, कबूल. पण थंडीत पहाटे पाचला उठून अभ्यासिकेत जाऊन बसलं कोण? तो रूममेट तर, मूळ पत्रात तूच लिहिलंयस, दीड वर्षात सोडून गेला. साडेतीन वर्षं तू त्याच्याशिवाय काढलीस. ती तुझी आहेत. फुकट गेली की नाही हा वेगळा प्रश्न, पण मालकी झटकू नकोस.

इथे वाचकांना एक सांगायला हवं. जागेअभावी तुझं पत्र मी कापलं आहे. मूळ पत्रात लॅबबद्दल आठ ओळी होत्या: तपासायचा काँक्रीटचा ठोकळा, म्हणजे क्यूब, मशीनमध्ये ठेवल्यावर तडा कुठल्या कोपऱ्यातून जातो, मित्राने मातीच्या नमुन्यांना लावलेली लेबलं कशी चुकीची होती, ती तू तिथल्या तिथे कशी बदललीस. अख्ख्या पत्रात तेवढ्याच आठ ओळींत तू दुसऱ्या कुणाचं नाव कारण म्हणून घेतलेलं नाहीस. तुझ्या लक्षात आलं नसेल. माझ्या आलं.

म्हणून लगेच बॅग भर असं म्हणत नाही. 'आतला आवाज ऐक' हा सल्ला मी कुणालाच देत नाही, कारण आतला आवाज सराईत थापाड्या असतो. स्वीडनमधल्या लुंड विद्यापीठात पेट्टर योहान्सन आणि लार्स हॉल यांनी २००५ मध्ये एक प्रयोग प्रसिद्ध केला. माणसाला दोन चेहऱ्यांचे फोटो दाखवायचे, यातला कुठला आवडला विचारायचं, आणि जादूगाराच्या हातचलाखीने न निवडलेला फोटो त्याच्या हातात देऊन विचारायचं, हाच का निवडलात? बहुतेकांना अदलाबदल कळलीच नाही. वर त्यांनी छान कारणं दिली, जी त्या दुसऱ्याच फोटोला लागू होती. एकाने तर कानातले आवडले म्हणून सांगितलं, आणि त्याने मुळात निवडलेल्या बाईच्या कानात काही नव्हतंच.

हसू नकोस. मी हेच बत्तीस वर्षं केलं. १९८६ मध्ये मी बँकेत क्लार्क होते, प्रमोशनची परीक्षा पास झाले. ऑफिसर व्हायचं तर पुण्याबाहेर बदली घ्यायची. मी प्रमोशन नाकारलं. पुढे ज्याने विचारलं त्याला एकच उत्तर: मुलगी लहान होती, मला घर महत्त्वाचं वाटलं, माझा निर्णय. मी ते अभिमानाने सांगायचे. मग आमची सोसायटी रीडेव्हलपमेंटला गेली. घर रिकामं करताना माळ्यावर त्या वर्षीची डायरी सापडली. नकार कळवला त्याच्या आदल्या आठवड्यात सासूबाई काय म्हणाल्या ते त्यात लिहिलेलं होतं. आणि पुढे एवढंच: 'हे काहीच बोलले नाहीत.' मुलीचा उल्लेखही नव्हता. मुलीचं कारण मी नंतर कधीतरी तयार केलं आणि मग तेच खरं झालं.

मला पस्तावा आहे का? फारसा नाही. राग आला तो याचा की मी नाकारलं ते न भांडता, आणि भांडले नाही हे विसरूनही गेले. डायरी नसती तर मी हा सल्ला तुला देऊ शकले नसते, जो आता देते: आज रात्री कागदावर लिही. सोडायचं असेल तर का, राहायचं असेल तर का. तारीख टाक. कुणाला विचारण्याआधी लिही, कारण विचारल्यानंतर दुसऱ्याची वाक्यं आपल्या अक्षरात उतरतात. पुढे काहीही केलंस तरी तो कागद फाडू नकोस. दोन वर्षांनी तू काय कारण सांगत फिरशील ते तेव्हा ताडून बघता येईल.

आता व्हिडिओ. पहिला तू बघितलास. पुढचे एकोणीस तुला दाखवले गेले, कारण तू पहिला बघितलास. वीस जणांनी सल्ला दिला असं मनाला वाटतं. प्रत्यक्षात एकच माणूस वीस शर्ट बदलून आला होता. पाच वर्षांपूर्वी याच फोनने अधिकाऱ्यांच्या सत्काराची भाषणं दाखवून तुला इकडे आणलं असेल, आता तोच तुला बाहेर काढतोय. त्याला दोन्हीचं सारखंच. यातून बाहेर पडायला तत्त्वज्ञान लागत नाही, ते ॲप महिनाभर काढून टाकलं की पुरे.

अभ्यासिका याच्या उलट. तिथे कुणी भाषण देत नाही, पण ऐंशी माना वाकलेल्या बघून उठून जायची लाज वाटते. अमेरिकेत सॉलोमन ॲश यांनी १९५० च्या दशकात कॉलेजच्या मुलांना रेघांची लांबी ओळखायला सांगितली होती. उत्तर डोळ्यांना सरळ दिसत होतं. पण खोलीतले बाकी सगळे आधीच पढवलेले, मुद्दाम चूक सांगणारे. अशा फेऱ्यांमध्ये सुमारे एक-तृतीयांश उत्तरं गर्दीच्या बाजूने गेली. सुमारे चौथा हिस्सा मुलं मात्र एकदाही झुकली नाहीत, हे सांगायचं लोक विसरतात. आणि खोलीत बरोबर उत्तर देणारा फक्त एक साथीदार दिला, तर झुकण्याचं प्रमाण साधारण पाच टक्क्यांवर आलं. एक माणूस, बस. तुझी मैत्रीण गेल्यापासून तुझं मन लागत नाही, त्याचा अर्थ 'माझं अभ्यासावर प्रेमच नव्हतं, तिच्यामुळे बसत होतो' असा तू काढलायस. मला वाटतं, जे दिसतंय ते मोठ्याने बोलून दाखवायला तुझ्याजवळ तेवढं एकच माणूस होतं.

आणि तिच्याबद्दल तू एक ओळ लिहिलीस. 'घरच्यांच्या दबावामुळे गावी परत गेली.' पुढचं वाक्य लगेच तुझ्या मनाचं. तुझ्यावर मामांचा प्रभाव होता. पण मामांना नाही म्हटलं असतं तर त्यांनी दिवाळीला तोंड फिरवलं असतं, बाकी काही नाही. तिने नाही म्हटलं असतं तर? खोलीचं भाडं थांबलं असतं, कदाचित फोन काढून घेतला असता. 'नाही' म्हणायची किंमत रुसवा असेल तर त्याला प्रभाव म्हणावं. डोक्यावरचं छप्पर असेल तर ती सक्ती. तू दोन्ही एकाच यादीत बसवलंस. तिला फोन कर. सल्ला मागायला नको, ती कशी आहे ते विचारायला.

आता अशा एका गोष्टीबद्दल, जी तुझ्या यादीत नाही आणि माझ्या मते सगळ्यात जास्त ओढतेय: काहीच न ठरवणं. एरिक जॉन्सन आणि डॅनियल गोल्डस्टीन यांनी २००३ मध्ये युरोपातल्या अवयवदानाच्या संमतीचे आकडे मांडले. ऑस्ट्रियात ९९ टक्क्यांहून जास्त, शेजारच्या जर्मनीत १२ टक्के. दोन्हीकडची माणसं काही एवढी वेगळी नाहीत. ऑस्ट्रियात नकार कळवला नाही तर होकार धरतात, जर्मनीत होकार कळवावा लागतो. लोक दोन्हीकडे फॉर्मला हात लावत नाहीत. तुमच्या पेठेतला न भरलेला फॉर्म कोणता? 'पुढची जाहिरात.' जाहिरात आली की अर्ज भरायचा, हे ठरवावं लागत नाही. सोडायचं मात्र ठरवावं लागतं. खुल्या गटाला वयाची मर्यादा ३८, मागासवर्गीयांना ४३. सरकार तुला लवकर उठवणार नाही. पाच वर्षांतली पहिली दोन तू ठरवून केलीस असं मला वाटतं. नंतरची तीन नुसती पुढच्या जाहिरातीला जोडली गेली.

शिवाय २०२५ पासून राज्यसेवेची मुख्य वर्णनात्मक झाली आहे. ते ११ मार्क गोल काळे करायच्या परीक्षेतले आहेत. 'थोडक्यात राहिलो' हे खरं, पण ती परीक्षाच आता राहिलेली नाही. थांबायचं असेल तर नव्या परीक्षेला पहिल्यापासून बसतोय असं समजून थांब. रोज तीन तास हाताने उत्तरं लिहायची तयारी आहे का, ते स्वतःला विचार. ती असेल तर थांबण्यात काहीच कमीपणा नाही, आणि लॅब सोडून अभ्यास निवडलास तरी मी तुला शहाणाच म्हणेन.

राहिले बाबा. 'बाबा काहीच म्हणत नाहीत' हे वाक्य वाचून मला माझी डायरी आठवली. घरातला सगळ्यात मोठा दबाव बहुधा न बोलणाऱ्याचा असतो, कारण त्याच्या तोंडी आपण आपल्याच भीतीची वाक्यं घालतो. तुझ्या डोक्यात बाबा म्हणतायत, 'एवढं केलं आणि सोडलंस.' ते खरंच असं म्हणतील का? मला माहीत नाही आणि तुलाही नाही. कदाचित ते तुझ्या बोलण्याची वाट बघतायत. कदाचित गावात 'पोरगं कलेक्टर कधी होणार' विचारणाऱ्यांना उत्तरं देऊन तेही दमलेत. स्वारगेटवरून एसटी पकड आणि जा. फोनवर हे बोलणं होत नाही. शेतात बरोबर जा, काम करता करता विचार: बाबा, अजून किती महिने झेपेल? आकडाच विचार. 'तू म्हणशील तसं' म्हणाले तर पुन्हा विचार. भावनेचं बोलणं त्यांना जमणार नाही, तुलाही नाही. आकड्यावर दोघं बोलू शकाल. आणि कर्ज काढून पैसे येत असतील, तर ते तुला कळायला हवं. ते कळल्यावर तुझा निर्णय बदलला, तर तो 'बाबांच्या दबावाखाली' बदलला असं लिहू नकोस. जे आहे ते कळलं म्हणून बदलला.

लॅबचं म्हणशील, तर मित्राला भागीदारीचा होकार देऊ नकोस, नकारही देऊ नकोस. अठ्ठावीस दिवस मागून घे आणि रोज जा, पगारी मदतनीस म्हणून, पैसे कमी दिले तरी चालतील. आमच्या सोसायटीच्या कमिटीवर होते तेव्हा क्यूबचे रिपोर्ट मीच फाइलला लावायचे, त्यामुळे एवढं मला ठाऊक आहे की सात दिवसांच्या आकड्यावर तुम्ही लोक कॉलम पास करत नाही, अठ्ठावीस दिवसांच्या आकड्याची वाट बघता. पहिल्या आठवड्यात सगळं छानच वाटेल. पाच वर्षांनी कुणीतरी 'साहेब, हे बघा जरा' म्हणेल. तिसऱ्या आठवड्यात बिलं अडकतील, साइटवरचा कुणीतरी 'रिपोर्ट जरा बरा लिहा' म्हणून दबाव आणेल. त्या दिवशी तू काय करतोस ते बघ. मित्राचा हिशेब उघडा आहे का तेही बघ. भागीदारीत किती पैसे घालायचे याबद्दल तुझ्या पत्रात अवाक्षर नाही, आणि मला ते मुळीच आवडलेलं नाही.

मधल्या काळात दोन माणसं शोध: एक परीक्षा सोडलेला आणि एक पद मिळालेला. पुण्यात दोन्ही सापडतात, पहिला जरा जास्त सहज. 'मी काय करू?' असं त्यांना विचारू नकोस, ते आपापल्या आयुष्याचं समर्थन ऐकवतील. 'गेला मंगळवार सकाळपासून कसा गेला, सांगा' असं विचार. मंगळवारात फारशी थाप मारता येत नाही.

अठ्ठाविसाव्या दिवशी आज रात्रीचा कागद काढ आणि शेजारी दुसरा लिही. दोन्ही मला पाठवलेस तर वाचेन. पण त्यानंतर काय करायचं ते मला विचारू नकोस, मी सांगणार नाही.

आणि मेसचे पैसे तीन महिन्यांचे आगाऊ भरायची तुम्हा मुलांना सवय असते. या वेळी एकाच महिन्याचे भर.

तुझी,
ताई